कुठला प्रश्न कुणाला विचारायचा?

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या फास्ट लोकलच्या बायकांच्या डब्यात मी लग्नाआधीपासून प्रवास करते आहे. या डब्यात मेथी निवडली जाते, साड्यांचे हप्ते ठरतात, हळदीकुंकूही होतं. पण सगळ्यात जास्त बोलणं होतं ते मुलांबद्दल. ‘सोमवारपासून जॉइन व्हायचंय आणि बाळ वाटीनं दूध पीतच नाही गं.’ ‘पाळणाघरात सोडताना श्वास कोंडेपर्यंत रडतो.’ ‘ताप आला की दर वेळी मीच का रजा टाकायची?’ एके काळी हे प्रश्न माझे होते. आता माझी दोन्ही मुलं आपापली शाळेत जातात आणि नव्यानं आई झालेल्या मुली हेच प्रश्न मला विचारतात.

या सगळ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. नोकरी करणाऱ्या आईकडे वेळ कमी असतो हे खरं, पण तिचा जीव जास्त जातो तो सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकटीनं शोधण्यात. त्यातले काही प्रश्न डॉक्टरांचे असतात, काही ऑफिसचे, काही नवऱ्याचे, काही पाळणाघराच्या ताईंचे. ज्याचा प्रश्न त्याच्यापुढे वेळेवर ठेवला की आईच्या वाट्याला जे उरतं, ते तिला सहज पेलतं. पुढचे बोल त्याच अनुभवातून आलेले आहेत.

१. रजेसाठी आधी कायदा वाचा, मग साहेबांकडे जा

‘किती रजा मिळेल?’ असं विचारत केबिनमध्ये जाऊ नका. ते आपल्याला आधी माहीत हवं. मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं. कामावर परतल्यावरही बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या मिळतात. हे बहुतेक जणींना ठाऊकच नसतं. आता या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. सरकारी नोकरीत याखेरीज बालसंगोपन रजा असते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ती संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांपर्यंत घेता येते.

हिशेब मात्र नीट करा. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ते सगळे आधीच संपवले तर बाळ चार महिन्यांचं असतानाच कामावर हजर व्हावं लागतं. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जमेल तितकी रजा बाळंतपणानंतरसाठी राखावी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध पुरतं आणि २६ आठवडे म्हणजे साधारण तेवढाच काळ. बोलणं झालं की सगळं ईमेलवर लिहून पाठवायचं आणि लेखी उत्तर मागून घ्यायचं.

२. हजर होण्याच्या पंधरा दिवस आधी तालीम सुरू करा

कामाचा पहिला दिवस हाच बाळाचाही दुसऱ्या हातातला पहिला दिवस असेल, तर दोघांचीही फार ओढाताण होते. जी व्यक्ती बाळाला सांभाळणार, तिच्या हातून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दूध पिण्याची सवय आधीच लागायला हवी. आई त्याच खोलीत असेल तर बाळ तिच्याकडेच झेपावतं. म्हणून त्या वेळी आपण दुसऱ्या खोलीत, नाही तर सरळ खाली चक्कर मारायला जायचं.

काढलेल्या दुधाची आमची रीत साधी होती. उकळून घेतलेली झाकणाची छोटी स्टीलची भांडी, प्रत्येकावर दूध कधी काढलं त्या वेळेची चिठ्ठी, आणि जागा फ्रीजच्या आतल्या बाजूला. दारात कधीच नाही, कारण दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. आधी काढलेलं आधी वापरायचं आणि २४ तासांच्या पुढचं ठेवायचं नाही. पाजायच्या वेळी भांडं कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. गॅसवर उकळायचं नाही की मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, आणि उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून मी फ्रीजवर लावलं होतं. लिहिलेलं असलं की घरातली कुणीही व्यक्ती दूध पाजू शकते.

३. पाळणाघर बघायला भर दुपारी जा

सकाळी दहा वाजता सगळी पाळणाघरं प्रसन्न दिसतात. खरी परीक्षा दुपारी दीड-दोनला असते. मुलं जेवून पेंगुळलेली असतात, सांभाळणाऱ्या बायका दमलेल्या असतात, एखादं मूल झोपायला तयार नसतं. त्या वेळी त्या मुलाशी तिथल्या ताई कशा बोलतात, ते बघायचं. भिंतीवरची चित्रं आणि रंगीत घसरगुंडी नंतर बघितली तरी चालेल.

मी बघितलेल्या गोष्टी सांगते. एका बाईकडे किती मुलं आहेत? त्यात तान्ही किती? झोपायच्या सतरंज्या रोज झटकल्या जातात का? बाथरूमची जमीन कोरडी आहे का, बादल्या रिकाम्या आहेत का? दाराची कडी मुलांच्या हाताला लागते का? खिडकीला गज आहेत का? औषध कोण देतं आणि कुणाच्या सांगण्यावरून? मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चटकन आणि ठाम आलं पाहिजे. ‘फोन करून विचारतो’ एवढं पुरेसं नाही. कोण नेऊ शकेल त्यांची नावं लिहिलेली हवीत.

मूल बोलू लागलं की ‘आज मज्जा केलीस का?’ याऐवजी ‘आज कुणाशेजारी झोपलास?’, ‘भाजी कसली होती?’ असं विचारा. छोट्या, नेमक्या प्रश्नांना मुलं खरी उत्तरं देतात. आणि सोडताना रडलं तरी चोरून निघून जायचं नाही. ‘आई संध्याकाळी दूध-बिस्किटांच्या नंतर येणार’ असं सांगून निघायचं आणि त्या वेळेला खरंच पोचायचं. मुलाला घड्याळ कळत नसलं तरी दिवसाचा क्रम कळतो, आणि त्या क्रमावरच त्याचा विश्वास बसतो.

४. आजीला लसीकरणाला सोबत न्या

आजी घरात असेल तर मुलाला माया आणि आपल्याला निर्धास्तपणा मिळतो. मतभेदही होतात. माझ्या अनुभवात त्यातले बहुतेक सोडून देण्यासारखे असतात. वरणभातात तूप किती, टोपडं घालायचं की नाही, दृष्ट काढायची की नाही, यावरून घराची शांतता घालवू नये. पण तीन ठिकाणी ठाम राहायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही, कारण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाच्या डोळ्यांत काजळ नाही. नाकाकानांत तेल नाही.

हे सुनेनं सांगितलं की ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का?’ असा प्रश्न येतो आणि तो स्वाभाविक आहे. म्हणून सासूबाईंना प्रत्येक लसीकरणाला बालरोगतज्ज्ञांकडे सोबत न्यायचं आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू द्यायचे. डॉक्टर आजीशी आदरानं बोलतात, कारण समजावून सांगतात, आणि तो विषय तिथेच मिटतो. आजी-आजोबांनाही सुट्टी लागते. शनिवार-रविवार मूल पूर्णपणे आपल्याकडे ठेवायचं, त्यांचं भजनी मंडळ, त्यांचं गावाला जाणं सांभाळायचं. सत्तरीच्या गुडघ्यांना धावतं मूल दिवसभर झेपत नाही, आणि ते हे तोंडानं बोलून दाखवत नाहीत.

५. मुलाला सांभाळणाऱ्या मावशींची रजा आधी ठरवा

आपल्याला २६ आठवडे मिळतात. ज्या बाईच्या जिवावर आपण कामावर जातो, तिला बहुतेक घरांत साधी आजारपणाची रजाही मिळत नाही. हे बदलणं आपल्या हातात आहे. पहिल्याच दिवशी पगार, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची पगारी रजा, दिवाळीचा बोनस हे सगळं बोलून वहीत लिहून ठेवावं. आम्हाला उशीर झाला तर जास्तीच्या वेळेचे पैसे किती, हेही. ज्या मावशींना स्वतःच्या मुलाच्या तापात घरी राहता येतं, त्या आपल्या मुलाच्या तापात आपल्याला नक्की हात देतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना नावानं हाक न मारता मुलांनी मावशी म्हणावं, त्यांचा चहाचा कप घरातल्यांच्या कपांतलाच असावा. मुलं हे सगळं बघत असतात.

६. आजारपणाचा कागद मूल बरं असताना तयार करा

पाळणाघरात जाऊ लागल्यावर मूल पहिलं वर्ष वरचेवर आजारी पडतं. प्रत्येक वेळी धावपळ टाळायची तर कागद आधी तयार हवा. आमच्याकडे तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असायचा. मुलाचं शेवटचं वजन, डॉक्टरांचा फोन, जवळचं रात्रभर उघडं असणारं रुग्णालय, आणि तापाच्या औषधाचं प्रमाण.

या प्रमाणाबद्दल नीट समजून घ्या. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर दिलं जातं. साधारण दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाजारात एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम. म्हणजे ‘एक चमचा दे’ असं फोनवर सांगितलं आणि बाटली बदललेली असली, तर डोस दुपटीहून जास्त होतो. डॉक्टरांकडून बाटलीचं नाव, ताकद आणि मिलिलिटर तिन्ही लिहून घ्यायचं, आणि औषध घरातल्या चमच्यानं न मोजता मापाच्या झाकणानं नाही तर पिचकारीनं द्यायचं. कधी, किती दिलं ते कागदावर टिपायचं. दिवसा आजी देते, रात्री बाबा देतात, अशा वेळी हा कागदच दोनदा औषध जाण्यापासून वाचवतो. सर्दी-खोकल्याची सिरपं मनानं कधीच द्यायची नाहीत.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात कालवायचं. अर्धं पाकीट अंदाजानं कालवलं तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, झटका, श्वास जोरात चालणं, लघवी कमी होणं, काहीच न पिणं, जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर डब्यातल्या मैत्रिणींना विचारत बसायचं नाही. थेट डॉक्टर.

७. नवऱ्याला कामं सांगू नका, खाती द्या

आमच्या डब्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘सांगितलं की करतात हो ते.’ यात सांगणं बाईकडेच राहतं. डायपर संपत आलेत, शाळेत पांढरा शर्ट न्यायचाय, पुढच्या आठवड्यात गोवराची लस आहे, हे सगळं जिच्या डोक्यात सतत चालू असतं, तिला ऑफिसमध्येही शांतपणे काम करता येत नाही. म्हणून आम्ही घरात खातेवाटप केलं. लसीकरण आणि दवाखाना हे खातं मुलांच्या बाबांचं. लसीचं कार्ड त्यांच्या बॅगेत, तारीख त्यांच्या फोनमध्ये, डॉक्टरांशी बोलणं त्यांचं. कपडे आणि चपला-बूटही त्यांच्याकडे. मूल वाढलं, बूट आखूड झाले, हे त्यांच्या लक्षात यायला हवं. डबे आणि पाळणाघर माझ्याकडे.

अट एकच. ज्याचं खातं, त्याच्या पद्धतीनं होईल. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. शर्टावर न जुळणारी चड्डी घालून मूल बाहेर पडलं तरी चालतं.

आजारपणातल्या रजेचंही आधी ठरवायचं. एकदा ती, एकदा तो. कुणाची मीटिंग मोठी, यावरून सकाळी साडेसातला वाद घालण्यात अर्थ नसतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कंपन्यांना तशी कायद्याची सक्ती नाही, तरी पुष्कळ ठिकाणी ती मिळते. ती बारशाच्या तयारीत न घालवता बाळाच्या रात्रींसाठी वापरावी. पहिल्या महिन्यात लंगोट बदलणारा बाप पुढे शाळेच्या पालकसभेलाही आपणहून जातो.

८. काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलानं

‘जेवतच नाही’ ही तक्रार बहुधा वर्षानंतर सुरू होते. त्यामागे साधं कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. डॉक्टरांच्या तक्त्यावर वजन-उंची ठीक असेल, तर घास घेऊन मागे धावायचं थांबवा. दोन जेवणांमध्ये बिस्किटं आणि बाटलीभर दूध चालू असेल, तर जेवायच्या वेळी भूक लागणार कशी?

नोकरी सांभाळून होणारं खाणं आपल्याकडे भरपूर आहे. मेतकूट-तूप-भात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, तांदळाची उकड, भाजणीचं थालीपीठ, पालक चिरून घातलेलं धिरडं. रविवारी भाजणी आणि मेतकुटाचे डबे भरलेले असले की आठवड्याच्या रात्री सोप्या जातात. एक काळजी मात्र घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. दाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चिरा, आणि मूल पळत असताना खायला देऊ नका.

९. दार उघडल्यावरची पहिली वीस मिनिटं मुलाची

दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल आईला बघताच रडायला लागतं, चप्पल फेकतं, अंगावर लोळण घेतं. आई दमलेली असते, तिला वाटतं मुलाला आपण नकोसे झालो. खरं तर दिवसभर धरून ठेवलेलं सगळं ते हक्काच्या माणसापाशी सोडत असतं. त्या वेळी पर्स ठेवायची, हातपाय धुवायचे आणि जमिनीवर बसायचं. कुकर वीस मिनिटं उशिरा लागला तरी काही बिघडत नाही.

त्यानंतर स्वयंपाक होईपर्यंत मुलाच्या हातात मोबाइल देण्याचा मोह होतो. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाच्या आत, तोही सोबत बसून. त्याऐवजी मुलाला कामात घ्या. मटार सोलायला द्या, कोथिंबिरीची पानं तोडायला द्या, कणकेचा गोळा द्या, वाट्या-डबे लहानमोठे लावायला द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात आसपास मिळणारी पानं, बिया, खडे, शिंपले हेच मुलांचं साहित्य होतं. महागडी खेळणी नसली म्हणून मूल मागे पडत नाही. आपण स्वयंपाकघरात बोलत राहिलो की त्याची भाषाही वाढते.

१०. मैत्रिणींना अनुभव विचारा, तुलना करू नका

पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. अशा गाड्यांनी आणि बायकांच्या डब्यांनी मुंबईच्या नोकरदार आयांना जे दिलं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. कुठलं पाळणाघर साडेसातपर्यंत थांबतं, कोण मावशी काम शोधत आहेत, डोंबिवली पूर्वेला निवडलेली भाजी कुठे ताजी मिळते, हे मैत्रिणीच सांगतात. पण ‘तुझी अजून चालत नाही? माझी तर दहाव्या महिन्यात चालली’ हे ऐकून एखादी आई रात्रभर झोपत नाही. चालण्या-बोलण्याबद्दल शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी, आणि शंका आल्याबरोबर विचारावी.

शाळेबद्दलही तेच. कुठल्या शाळेला किती रांग आहे, याचं दडपण घेऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीचं वय ६ वर्षं आहे. घराजवळची, मूल रोज हसत जाईल अशी शाळा बघा.

११. यादी करा आणि प्रत्येक प्रश्नापुढे नाव लिहा

नव्यानं कामावर हजर होणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे एक काम सांगते. मनात जे जे प्रश्न आहेत ते सगळे एका कागदावर उतरवायचे. प्रत्येकापुढे उत्तर देणाऱ्याचं नाव लिहायचं. डॉक्टर, एचआर, नवरा, सासूबाई, पाळणाघराच्या ताई, मावशी, मैत्रीण. मूल तीन-चार वर्षांचं झालं असेल तर एखाद्या प्रश्नापुढे त्याचंही नाव लिहा, कारण ‘संध्याकाळी तुला न्यायला कोण आलेलं आवडतं?’ याचं उत्तर त्याच्याइतकं नीट कुणीच देणार नाही. मग कागद नवऱ्यासमोर ठेवायचा आणि दोघांनी मिळून कोण कुणाशी, कधी बोलणार ते ठरवायचं. शेवटी आपल्या नावापुढे जे थोडे प्रश्न उरतात, तेवढे मात्र मनापासून आपले मानावेत. मूल सगळ्यांनी मिळून वाढवायचं असतं, आणि ते सगळ्यांकडे हक्कानं मागणं हेही आईचंच काम आहे.